चौघे ‘इंटर्न’, पण पत्रं वेगवेगळी

प्रश्न: सातपूर एमआयडीसीत आमचं सीएनसी (संगणकाने चालणारी मशीन) आणि टर्निंगच्या जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचा माल घडवून द्यायचं, युनिट आहे. ऑफिस आणि शॉपफ्लोअर मिळून १४ माणसं. इंटर्नशिपसाठी सध्या चौघांनी विचारलंय. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी आहे, त्याला कॉलेजच्या क्रेडिटसाठी हवंय. आयटीआयमधून टर्नर झालेला एक मुलगा आहे. बीकॉम झालेली एक मुलगी ऑफिसच्या कामासाठी यायला तयार आहे. चौथा माझ्या मेव्हण्याचा मुलगा, वय १७, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. एक मित्र म्हणतो, सहा महिने फुकट घे, इंटर्नला पगार द्यावा लागत नाही. दुसरा म्हणतो, पाचशेच्या स्टॅम्पवर दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घे आणि ओरिजिनल मार्कशीट कपाटात ठेव. मला कुणावर अन्याय करायचा नाही, पण उद्या अडकायचंही नाही. पत्र काय द्यावं, पैसे किती द्यावेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: दोन्ही मित्रांचा सल्ला बाजूला ठेवा. पहिल्याचं ऐकलंत तर उद्या किमान वेतनाचा दावा अंगावर येऊ शकतो. दुसऱ्याचा बॉण्ड स्टॅम्पपेपरवर आहे एवढ्याने वसूल होत नाही, आणि कुणाची मूळ मार्कशीट अडवून ठेवायचा हक्क मालकाला कुठल्याच कायद्याने दिलेला नाही.

तुम्ही चौघांनाही इंटर्न म्हणताय, पण कायद्याच्या नजरेत चौघांची जागा वेगळी आहे. त्यामुळे एकच पत्र चार वेळा छापून भागणार नाही. आपल्या कामगार कायद्यांत इंटर्न असा स्वतंत्र वर्ग नाही. तुमच्याकडे शिकायला येणारा माणूस तीनपैकी एका ठिकाणी बसतो. एक, कॉलेजने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पाठवलेला विद्यार्थी. दोन, शिकाऊ उमेदवार कायदा १९६१, म्हणजे ज्याला आपण सगळे अप्रेंटिस ॲक्ट म्हणतो, त्याखाली रीतसर करार नोंदवलेला अप्रेंटिस. तीन, या दोन्हींत न बसणारा. हा तिसरा म्हणजे सरळ कामगार, मग पत्रावर तुम्ही ट्रेनी लिहा, इंटर्न लिहा किंवा काहीही लिहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेत आणि सामाजिक सुरक्षा संहितेत ‘कर्मचारी’ या व्याख्येतून वगळलाय तो फक्त अप्रेंटिस ॲक्टखालचा अप्रेंटिस. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विम्याच्या जुन्या कायद्यातही रेघ इथेच होती.

वाद झाला की पत्राच्या मथळ्याला फारसं वजन राहत नाही, प्रत्यक्षात काय चाललं होतं ते तपासलं जातं. मुलाचं नाव शिफ्टच्या तक्त्यात आहे का? त्याला रोजचं प्रॉडक्शन टार्गेट आहे का? सोडून गेलेल्या ऑपरेटरच्या मशीनवर तो उभा आहे का? तो एक दिवस आला नाही तर डिस्पॅच अडतं का? या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ येत असतील तर तो तुमचा कामगार आहे. मग तुमच्या उद्योगाच्या अनुसूचीतलं किमान वेतन आणि त्यावरचा विशेष भत्ता (महाराष्ट्रात तो दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो) त्याला द्यावा लागेल. तुमच्याकडे १० च्या वर माणसं आहेत, म्हणजे ईएसआयही आलंच. समजा ‘ट्रेनी’ म्हणून घेतलेल्या मुलाला तुम्ही ८,००० रुपये देताय आणि त्याचा अप्रेंटिसचा करार नाही. तर मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे २६० रुपये आणि त्याचे ०.७५ टक्के म्हणजे ६० रुपये दरमहा भरायला हवेत. बहुतेक ठिकाणी ते भरले जात नाहीत आणि अपघात झाला की मगच लक्षात येतं. पीएफ २० माणसांपासून लागतो, तेव्हा आज तुम्हाला तो नाही. पण संख्या वाढत असेल तर लक्षात असू द्या.

सुरुवात आयटीआयच्या मुलापासून करतो, कारण त्याचा मार्ग सगळ्यात स्पष्ट आहे. त्याला अप्रेंटिस म्हणूनच घ्या. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे आणि ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. घ्यायचे तर एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्क्यांत. १४ चे पंधरा टक्के २.१ होतात, म्हणजे तुमच्याकडे दोन जागा. एक या मुलाची. दुसरीचं पुढे बघू.

काम सगळं अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होतं. आधी आस्थापनेची नोंदणी, मग टर्नर ट्रेडची जागा टाकायची. मुलाने आधार-केवायसी करून स्वतःची नोंदणी करायची, तुमची ऑफर स्वीकारायची, मग करार तयार होतो आणि दोघांनी तो मान्य करायचा. कराराचा तपशील पोर्टलवर टाकायला मालकाला ७ दिवस असतात. अडलंत तर जिल्ह्याच्या आयटीआयशी जोडलेलं बीटीआरआय (मूलभूत प्रशिक्षण) केंद्र गाठा. शिकाऊ उमेदवारीचं काम तिथूनच चालतं आणि पहिल्यांदा करणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावं हे बरं. आयटीआय झालेल्याचा काळ साधारण वर्षभराचा असतो, शेवटी ट्रेडची परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. त्या मुलासाठी ते प्रमाणपत्र तुमच्या लेटरहेडपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मुलगा १ तारखेला कामावर येतो आणि करार २५ तारखेला होतो. मधल्या २४ दिवसांत तो अप्रेंटिस नसतो. त्या दिवसांत बोट गेलं तर तुमच्या बाजूने दाखवायला एकही कागद नाही. म्हणून करार आधी, पहिला दिवस नंतर. ‘ये उद्यापासून, कागद होत राहतील’ असं म्हणूच नका.

पैशांचं म्हणाल तर २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान विद्यावेतन आयटीआयवाल्याला महिना ७,०००, डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला ९,००० रुपये. हे दर ३६ टक्क्यांनी वाढवावेत अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने मे २०२५ मध्ये केली आहे, तेव्हा करार करतानाचा चालू दर पोर्टलवर बघूनच आकडा टाका. नॅप्स या शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण कमाल १,५०० रुपये, थेट मुलाच्या खात्यात भरतं. ७,००० चे २५ टक्के १,७५० होतात, तरी मिळणार १,५००च. उरलेले ५,५०० तुमचे. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर सरकारी हप्ता अडकतो आणि मुलगा समजतो मालकाने कापले. पहिल्याच आठवड्यात त्याला बँकेत पाठवून आधार जोडल्याची खात्री करून घ्या. तुमचा हिस्सा पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत, बँकेतूनच. रोखीने देऊ नका. रजेचं सोपं आहे, युनिटला जी सुट्टी ती त्यालाही.

त्या बदल्यात तुमच्यावर बंधनं आहेत आणि ती गंभीरपणे घ्या. ओव्हरटाइम नाही. तो द्यायचाच तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची परवानगी लागते, आणि ते जादा काम प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचं असेल तरच ती मिळते. रात्रपाळीला लावू नका. ट्रेडशी संबंध नसलेलं काम दिलंत तर प्रत्येक वेळेला १,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. टर्नरच्या अप्रेंटिसला महिनोन्महिने फक्त माल चढव-उतरव आणि झाडलोट करायला लावणं हे यातच येतं. थोडी सफाई प्रत्येकाने आपल्या मशीनची करायचीच असते, ते वेगळं. प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, हे त्या कायद्याच्या कलम १६ मध्ये स्पष्ट आहे.

आता बीकॉमची मुलगी. दुसरी जागा तिला द्या असं आमचं मत आहे. पदवीधर आणि डिप्लोमाधारकांसाठी नॅट्स नावाचं वेगळं पोर्टल आहे, आपल्या भागाचं काम मुंबईचं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग पाहतं. २०१४ च्या दुरुस्तीपासून बिगरतांत्रिक पदवीधरही त्यात बसतात. किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं, म्हणजे ९,००० मधले ४,५००. नॅट्सला तिची नोंद जमली नाही तर तिला अकाउंट्स असिस्टंट म्हणून किमान वेतनावर रीतसर नेमा. पण ‘इंटर्न’ म्हणून ३,००० रुपयांत बसवू नका. ती कुठल्या कॉलेजची विद्यार्थिनी नाही, करारातली अप्रेंटिस नाही, म्हणजे वर सांगितलेल्या तिसऱ्या जागेत ती पहिल्याच दिवशी जाऊन बसते.

तिला शिकवण्यासारखं तुमच्याकडे खूप आहे. जॉबवर्कचा माल कंपनीच्या चलनावर येतो, तो एका वर्षात परत गेला नाही तर जीएसटीत तो पुरवठा धरला जातो. कॉलेजात हे एका ओळीत उरकतं, तुमच्याकडे ते रोज घडतं. आवक चलन, प्रोसेसमधला माल, स्क्रॅप आणि जावक चलन यांचा मेळ घालायला शिकली तर सहा महिन्यांत ती कुठल्याही जॉबवर्कवाल्याला हवीशी होईल. जोडीला टॅलीतल्या नोंदी, जीएसटीच्या २-बी पत्रकाशी खरेदीचा ताळा, ई-वे बिल. मात्र टॅलीत तिला स्वतःचा, मर्यादित अधिकारांचा युजर काढून द्या. जीएसटी पोर्टलचा पासवर्ड, तुमच्या मोबाइलवरचा ओटीपी आणि बँकेचं लॉगिन तिच्या हातात देऊ नका. चूक कुणाची हे पुढे ठरवता येत नाही आणि संशय सगळ्यात नव्या माणसावर जातो. तो तिच्यावर येऊ देऊ नये, ही जबाबदारी तुमची आहे.

मुलगी येणार म्हटल्यावर आणखी एक गोष्ट, खरं तर ती तुमच्याकडे आधीच असायला हवी होती. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ मध्ये कर्मचारी म्हणजे ट्रेनी आणि अप्रेंटिसही, पैसे घेत असो वा नसो. १० किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती सक्तीची आहे. अध्यक्ष वरिष्ठ महिला, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, एक बाहेरची जाणकार व्यक्ती, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. तुमच्याकडे वरिष्ठ पदावर महिला नसेल तर अध्यक्ष दुसऱ्या आस्थापनेतून नेमता येते. शेजारच्या युनिटमधल्या एचआर बाईंना विनंती करा. समितीच नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो. समितीची नावं आणि फोन नंबर नोटीस बोर्डवर लावा, आणि पहिल्या दिवशी फक्त त्या मुलीला नाही, चौघांनाही ते दाखवा.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी हा खरा इंटर्न. त्याच्याकडून पहिल्यांदा कॉलेजचं पत्र मागा. नाव, वर्ष, किती क्रेडिट, किती तास, कुठून कुठपर्यंत, कॉलेजचा मार्गदर्शक कोण, एवढं त्यात हवं. साधारणपणे एका क्रेडिटला ३० तास धरतात. चार क्रेडिट म्हणजे १२० तास, रोज सहा तास धरले तर वीस दिवस. सबंध सेमिस्टरची इंटर्नशिप असेल तर हिशोब मोठा होतो. बरीच कॉलेजं कॉलेज, विद्यार्थी आणि तुम्ही अशा तिघांचा करार करतात, त्यावर सही करण्याआधी दोन ओळी शोधा: विमा कुणाचा आणि मूल्यमापन कोण कसं करणार. कॉलेजने विद्यार्थ्यांचा गट अपघात विमा काढलेला असतो, पण तो बाहेरच्या कारखान्यात असताना चालतो की नाही हे प्रत विचारून वाचल्याशिवाय कळत नाही. तुमची कामगार भरपाईची पॉलिसीही बघा. प्रीमियम जाहीर केलेल्या माणसांच्या पगारावर बसवलेला असतो, त्यात हे चौघं नसतील तर विमा कंपनी हात वर करेल. एजंटला सांगून नावानिशी वाढीव नोंद घ्या, आणि ती लेखी.

त्याला पैसे देणं कायद्याने सक्तीचं नाही. तरी द्यावेत, आणि हे भलेपणा म्हणून सांगत नाही. दिंडोरी किंवा सिन्नरहून रोज एसटीने येणाऱ्या मुलाला भाडं आणि जेवणाचे पैसे खिशातून घालावे लागले, तर दहाव्या दिवसापासून त्याच्या दांड्या सुरू होतात आणि तुमच्या क्वालिटीवाल्याने शिकवण्यात घातलेला वेळ वाया जातो. वीस दिवसांची इंटर्नशिप असेल तर निदान प्रवास आणि जेवण. पाच-सहा महिन्यांची असेल तर डिप्लोमा अप्रेंटिसचा दर हा मापदंड धरा.

आणखी एक जागा जिथे घसरायला होतं: कॉलेजचा काळ संपला, निकाल लागला, मुलगा मात्र येतोच आहे, कारण त्याला नोकरी मिळेपर्यंत कुठेतरी जायचंय आणि तुम्हाला तो आवडलाय. सेमिस्टर संपल्याच्या तारखेपासून तो विद्यार्थी राहत नाही. त्याच्या पत्रात शेवटची तारीख असायलाच हवी, आणि त्या तारखेला एकतर निरोप किंवा नवा कागद.

तो शिकणार काय, याचा आराखडा एका पानावर तरी लिहा. ‘शॉपफ्लोअरचा अनुभव’ असं लिहू नका, त्याला काहीच अर्थ नसतो. पहिले चार दिवस मशीनला हात नाही. टेबलावर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचा ०.०१. एकच बुश (नळीसारखा पोकळ पार्ट) दोघांनी स्वतंत्रपणे दहा वेळा मोजायचा, आकडे लिहायचे आणि फरक का पडला ते शोधायचं. बहुधा मायक्रोमीटरचा थिंबल (फिरवायची मूठ) रॅचेटशिवाय, म्हणजे दाब मर्यादेत ठेवणाऱ्या टोकाच्या कळीशिवाय, आवळलेला असतो, किंवा जॉब मशीनवरून गरम उतरलेला असतो. मग ड्रॉइंग: टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) कुठे लिहिलाय, जनरल टॉलरन्स कधी लागू होतो. दुसऱ्या आठवड्यात सेटरच्या बाजूला उभं राहून टूल ऑफसेट (हत्याराच्या मापाची मशीनमध्ये भरायची दुरुस्ती) बघणं, पहिल्या पीसची तपासणी स्वतः करणं. तिसऱ्यात रिजेक्शनचा डबा घेऊन बसायचं आणि प्रत्येक पीस का गेला याची यादी करायची. ही यादी तुमच्याही कामाची.

सुरक्षिततेच्या सूचना छापील कागदावर सही घेऊन संपवू नका, हाताने दाखवा. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे नाहीत. नवखी मुलं हात जपायला म्हणून ते घालतात, आणि मोजा अडकला की हात ओढला जातो. सैल बाही, ओढणी, गळ्यातली चेन, मनगटातलं कडं किंवा धागा काढून किंवा आत खोचून. चिप (कापलेल्या धातूची कातर) हुकने काढायची, बोटांनी कधीच नाही, मशीन थांबलेलं असलं तरी, कारण स्टीलची लांब चिप ब्लेडसारखी कापते. कॉम्प्रेसरची हवा अंगावर मारून कपडे साफ करायचे नाहीत. चकची (जॉब पकडणाऱ्या जबड्याची) चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही. आणि इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण कुठे आहे ते प्रत्येक मशीनवर त्याला स्वतः दाबून बघू द्या.

आता मेव्हण्याचा मुलगा. नात्यात हे अवघड जातं, तरी त्याला मशीनवर घेऊ नका. अप्रेंटिस ॲक्टमध्ये किमान वय १४ असलं तरी धोकादायक कामाच्या ट्रेडला १८ आहे, आणि शॉपफ्लोअरवर काय धोकादायक याचा वाद अपघातानंतर कुणाला जिंकता येत नाही. शिवाय अज्ञानाने, म्हणजे अठराच्या आतल्याने, केलेला करार मुळातच रद्दबातल, त्याच्या सहीला किंमत नाही. पालकाची सही लागते. डिप्लोमाच्या कॉलेजने उन्हाळी प्रशिक्षणासाठी पत्र दिलं तर दोन-तीन आठवडे ड्रॉइंग, कॅड, तपासणीचं टेबल आणि स्टोअर एवढ्यात ठेवा, पालकाच्या संमतीपत्रासह. मेव्हण्यांना सांगा, अठरा पूर्ण होऊन डिप्लोमा झाला की नॅट्समधून या.

पत्राकडे वळू. दोन्ही अप्रेंटिसचे करार पोर्टलवरच्या ठरलेल्या नमुन्यात होतात, त्यात तुम्ही आपल्या मनाने अटी घालू नका. विद्यार्थ्याला तुमच्या लेटरहेडवरचं एक पान पुरे. स्टॅम्पपेपरची गरज नाही. मजकूर असा काहीसा:

“श्री. ____ (महाविद्यालय ____, वर्ष ____) यांना दि. ____ ते दि. ____ या कालावधीत अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आमच्या युनिटमध्ये प्रशिक्षण देण्यात येईल. वेळ सोमवार ते शनिवार सकाळी १० ते ४.३०, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी, एकूण १२० तास. मार्गदर्शक श्री. ____, क्वालिटी विभाग. सोबतच्या आराखड्यानुसार ते मोजमाप, ड्रॉइंग वाचन, टूल सेटिंग आणि रिजेक्शन विश्लेषण शिकतील. मार्गदर्शक हजर नसताना कोणतेही मशीन चालवण्यास परवानगी नाही. रात्रपाळी व जादा काम दिले जाणार नाही. प्रवास व भोजनापोटी ₹____ दि. ____ पर्यंत बँक खात्यात जमा होतील. ग्राहकांची ड्रॉइंग, प्रोग्राम व दर बाहेर देऊ नयेत व त्यांचे फोटो काढू नयेत. महाविद्यालयास द्यायचा अहवाल आधी मार्गदर्शकास दाखवावा. कोणत्याही पक्षाला सात दिवसांची लेखी सूचना देऊन प्रशिक्षण थांबवता येईल. पूर्ण झाल्यावर सात दिवसांत प्रमाणपत्र देण्यात येईल. यातून नोकरीचे आश्वासन दिलेले नाही.”

अहवालाची अट विसरू नका. मुलं प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ग्राहकाचं ड्रॉइंग टायटल ब्लॉकसकट चिकटवतात, तो रिपोर्ट कॉलेजच्या लायब्ररीत आणि परीक्षकाकडे जातो. तुम्ही ग्राहकाला गोपनीयतेचं लिहून दिलेलं असतं. त्यावर उपाय सोपा आहे, त्याला एक नमुन्याचा पार्ट काढून द्या, मापं बदललेला, आणि सगळा रिपोर्ट त्याच्यावर करू द्या.

त्याने तुमच्यासाठी एखादा मॅक्रो प्रोग्राम किंवा फिक्स्चरचं डिझाइन केलं तर ते कुणाचं? कॉपीराइट कायद्यात नोकरीच्या किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारात केलेलं काम, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाचं धरलं जातं. विद्यार्थी या दोन्हींत बसेलच असं नाही, म्हणून ते लेखी हस्तांतर करून घ्या, त्याच्या सहीने. त्यात काळ लिहिला नाही तर कायदा तो पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दोन्ही लिहा. आणि प्रोग्राम त्याचा असेल तर प्रमाणपत्रात तसं नाव घालून लिहा, त्यात तुमचं काही जात नाही.

बॉण्डचं पुन्हा विचारलं जाईल, म्हणून थोडं सविस्तर. ‘इथून गेल्यावर दोन वर्षं सातपूर-अंबडमध्ये दुसरीकडे काम करायचं नाही’ अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली रद्द ठरते. ‘मध्येच सोडलं तर ५०,००० द्यायचे’ या अटीला कलम ७४ लागतं. कोर्ट आकडा जसाच्या तसा देत नाही, वाजवी भरपाईपुरतं देतं. मित्र कदाचित मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतील. विजया बँकेच्या अधिकाऱ्याला तीन वर्षं पूर्ण न केल्याबद्दल २ लाख भरावे लागले, ते न्यायालयाने योग्य ठरवलं, हे खरं. पण तो सरकारी बँकेतला पगारदार अधिकारी होता आणि त्याची जागा भरायला बँकेला पुन्हा सगळी भरती प्रक्रिया करावी लागणार होती. वीस दिवसांच्या विद्यार्थ्याला किंवा ७,००० च्या अप्रेंटिसला ते लावता येत नाही. अप्रेंटिसच्या करारात तर नियम उलटाही चालतो. मालकाने करार पाळला नाही म्हणून तो मोडला तर मालकाने शेवटच्या विद्यावेतनाच्या तिप्पट रक्कम द्यायची. मूळ कागद बघायचे, झेरॉक्सवर ‘मूळ प्रत पाहिली’ लिहून सही करायची आणि मूळ त्याच दिवशी परत. डिपॉझिट, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचे पैसे, काहीही घेऊ नका.

सरकारी योजनांची नावं तुमच्या कानावर येतील. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेला खासगी उद्योगात २० माणसं लागतात, पंतप्रधान इंटर्नशिप योजना देशातल्या मोठ्या ५०० कंपन्यांसाठी आहे. दोन्हीत तुम्ही बसत नाही, त्यात वेळ घालवू नका.

शेवटच्या दिवसाचं बघून ठेवा. प्रत्येकाची एक वही असू द्या, त्यात तारीख, तास, काय केलं आणि मार्गदर्शकाची सही. विद्यार्थ्याच्या वहीत ‘आज रॅचेट वापरून बुश मोजला, दहापैकी सात वेळा २४.९८’ अशी ओळ असेल तर कॉलेज तास मान्य करतं आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून कुणी आलं तर तीच वही तुमच्या बाजूने बोलते. प्रमाणपत्रात ‘समाधानकारक’ एवढंच लिहू नका. काय शिकला ते चार ओळींत, तासांसह लिहा. चौघांपैकी कुणाला पुढे ठेवायचं झालं तर जुन्या पत्राची मुदत वाढवू नका. आधीचा कागद प्रमाणपत्र देऊन बंद करा आणि नवं नेमणूकपत्र द्या. त्यात पद, वेतन आणि रुजू तारीख लिहा, आणि त्याच तारखेपासून ईएसआयला नोंद करा.